लिनक्सची व्हर्च्युअल मेमरी, मोठ्या मशीनवर वापरताना

आमच्या मुख्य डेटाबेस सर्व्हरला ५१२ जीबी रॅम आहे आणि त्यातली ४१ जीबी नुसत्या पत्त्यांच्या याद्या सांभाळण्यात जात होती. त्यात डेटा नव्हता, इंडेक्स नव्हता, कॅशही नव्हती. कुठल्या प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) कुठला पत्ता रॅमच्या कुठल्या पानाशी जोडलाय, एवढ्याच नोंदी. मी पुण्यात एका पेमेंटच्या कंपनीत डेटाबेस अ‍ॅडमिन आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस सांभाळते, शिवाय जाव्हाच्या काही सर्व्हिसेस गळ्यात पडलेल्या आहेत. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, मी एक ओळही लिहिलेली नाही, पण त्याची मेमरीची व्यवस्था रोज वापरते आणि अधूनमधून तिच्यापायी रात्री उठते. तेव्हा गिऱ्हाईक म्हणून तिचं परीक्षण लिहायचा, पाचपैकी तारे द्यायचा हक्क मला आहे, असं धरून चालते.

आधी माल काय आहे ते. कर्नल कुठल्याही प्रोग्रामला खरी रॅम दाखवत नाही. प्रत्येक प्रोसेसला पत्त्यांचा एक स्वतंत्र, अवाढव्य पट्टा मिळतो, आणि त्यातला पत्ता खऱ्या रॅममध्ये कुठे पडतो हे प्रोसेसर पेज टेबलात बघतो. टेबलं भरायची कर्नलने. रॅमचे तुकडे ४ केबीचे, त्यांना पान म्हणायचं. इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी मशीनवर पत्त्याचे नेहमी ४८ बिट वापरात असतात, म्हणजे एकूण २५६ टीबी. वरचे १२८ कर्नलचे, खालचे १२८ प्रोसेसचे. मधल्या दरीतला पत्ता वापरायला गेलात तर प्रोसेसर जागीच अडवतो.

या ४८ बिटांची वाटणी मला अजूनही बघायला आवडते. शेवटचे १२ बिट पानाच्या आतली जागा सांगतात. उरलेल्या ३६ चे ९-९ चे चार गट, म्हणजे टेबलांच्या चार पातळ्या. एका टेबलात ५१२ नोंदी, नोंद ८ बाइटची, म्हणजे टेबलही बरोब्बर ४ केबीचं, एका पानात बसणारं. आणि ज्या भागात काहीच ठेवलेलं नाही तिथे खालच्या पातळीची टेबलं तयारच होत नाहीत. त्यामुळे १२८ टीबीचा पट्टा असण्याला खर्च जवळपास शून्य. खर्च येतो तो पान पहिल्यांदा वापरलं की. तेव्हा पेज फॉल्ट होतो, कर्नल रॅममधलं एक पान उचलून देतो, टेबलात नोंद करतो आणि प्रोग्रामला यातलं काही कळतही नाही.

इथे पैकीच्या पैकी मार्क. या औदार्यावर आजचे कितीतरी रनटाइम (एखाद्या भाषेतले प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) उभे आहेत. हॅस्केल भाषेचा रनटाइम सुरू होतानाच १ टीबी पत्ते अडवून ठेवतो, कारण मग एखादा पत्ता आपल्या हीपमधला (डेटा ठेवायच्या जागेतला) आहे की नाही हे चटकन ओळखता येतं. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) लावून प्रोग्राम चालवला की प्रत्येक ८ बाइटमागे १ बाइट सावलीची मेमरी लागते, म्हणजे १२८ टीबीसाठी १६ टीबी एका झटक्यात राखून. आमच्याकडे नवीन लागलेला एक मुलगा धावत आला होता, "ताई, टेस्ट सर्व्हरवरची प्रोसेस २० टीबी खातेय!" मी म्हटलं, व्हर्ट सोड, शेजारचा रेसचा रकाना वाच. "१८० एमबी." मग म्हटलं चहा घे. टॉप या कमांडमधला व्हर्ट हा रकाना फक्त पत्ते मोजतो, रेस खरी वापरलेली रॅम, आणि ६४ बिटी मशीनवर व्हर्ट बघून घाबरायचे दिवस कधीच गेले.

हे औदार्य कायम नव्हतं. १९९१ च्या पहिल्या लिनक्समध्ये एका प्रोसेसला ६४ एमबी पत्ते आणि प्रोसेस जास्तीत जास्त ६४. गुणाकार केला की ४ जीबी, ३२ बिटांची अख्खी दुनिया. पुढे प्रत्येक प्रोसेसला स्वतःचे ३ जीबी मिळाले आणि कर्नलने स्वतःला १ जीबी ठेवला. त्या १ जीबीतून कर्नलला थेट हात घालता येईल अशी रॅम फक्त ८९६ एमबी. इंटेलने पीएई नावाची युक्ती आणून मशीनला ६४ जीबीपर्यंत रॅम लावायची सोय केली, पण प्रत्येक पानामागे कर्नलला एक छोटी नोंद ठेवावी लागते, ती त्याच ८९६ एमबीतून. नोंद ३२ बाइटची धरली तरी ६४ जीबीला ५१२ एमबी गेले. उरलेल्यात कर्नलने संसार करायचा. त्या काळातले सीनियर सांगतात की फ्री कमांड अनेक जीबी मोकळे दाखवायची आणि तरीही कर्नल मेमरी संपली म्हणून प्रोसेस मारत सुटायचा. २००३ च्या एप्रिलमध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन हा ६४ बिटी प्रोसेसर आला आणि ६४ बिटांनी हा सगळा तमाशा मिटवला.

आता तक्रारीकडे येते, कारण पाचवा तारा मी इथेच कापणार आहे.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला एक वेगळी प्रोसेस असते. शेअर्ड बफर्स (डेटाची सामायिक कॅश) मात्र सगळ्यांचे एकच; आमच्याकडे ते ६४ जीबी. रॅममध्ये हा डेटा एकदाच आहे, पण पेज टेबल प्रत्येक प्रोसेसचं स्वतंत्र. ६४ जीबीची ४ केबीने पानं पाडली तर १,६७,७७,२१६ होतात. प्रत्येकाची ८ बाइटची नोंद, म्हणजे प्रोसेसमागे १२८ एमबी. कनेक्शन ५००. सगळ्यांनी सगळे बफर हाताळले तर ६२.५ जीबी. एकाच गावाचं सातबाऱ्याचं दप्तर पाचशे जणांनी आपापल्या घरी अथपासून इतिपर्यंत उतरवून ठेवावं, तशातला प्रकार. आमचा पूल (कनेक्शन तयार ठेवून वाटून देणारा प्रोग्राम) कनेक्शन दिवसच्या दिवस उघडी ठेवतो, त्यामुळे प्रत्येक प्रोसेस हळूहळू पानं शिवत जायची आणि नोंदी वाढत जायच्या. दोन-तृतीयांशापर्यंत पोचलो तेव्हा ४१ जीबी झाले.

आणि हे दिसत नाही! टॉपमध्ये प्रोसेसच्या रेसमध्ये पेज टेबल धरलेलं नसतं. ग्राफवर "वापरलेली मेमरी" नुसती चढत जाते, सोमवारपासून शुक्रवारपर्यंत, आणि रविवारी रीस्टार्ट केला की खाली येते. आमच्या टीममध्ये सगळ्यांनी एकमताने मेमरी लीक असा शिक्का मारला होता. प्रोक या फोल्डरखालच्या मेमइन्फो फाइलमध्ये पेजटेबल्स नावाची एक ओळ असते, बाकी पन्नासेक ओळींच्या गर्दीत. एकेका प्रोसेसचा आकडा हवा असेल तर तिच्या स्टेटस फाइलमध्ये व्हीएमपीटीई. माहिती पुरवण्यात लिनक्सचा हात कुणी धरणार नाही हे खरं, पण कुठली ओळ बघायची हे तुम्हाला आधीच माहीत असायला लागतं.

उपाय जुनाच आहे, ह्यूज पेज. पान ४ केबीऐवजी २ एमबीचं घ्यायचं. ६४ जीबीची मग ३२,७६८ पानं, प्रोसेसमागे २५६ केबीच्या नोंदी, ५०० प्रोसेसचे मिळून १२५ एमबी. तेही वरचा आकडा झाला, कारण सामायिक ह्यूज पेजेसची टेबलं कर्नल जमेल तिथे प्रोसेसमध्ये वाटून देतो. ६२.५ जीबी कुठे आणि १२५ एमबी कुठे. शिवाय वेगाचाही फायदा आहे. नुकतेच शोधलेले पत्ते प्रोसेसर टीएलबी नावाच्या छोट्या कॅशमध्ये ठेवतो. इंटेलच्या स्कायलेक पिढीत तिच्या दुसऱ्या पातळीत १,५३६ नोंदी बसतात. ४ केबीच्या पानांनी त्यात ६ एमबीचा परिसर मावतो, २ एमबीच्या पानांनी ३ जीबीचा.

हे मशीन लावून देणाऱ्या मंडळींनी पोस्टग्रेसमध्ये ह्यूज पेजेसची सेटिंग ट्राय अशी ठेवली होती (ती मूळचीच असते) आणि कर्नलमध्ये राखीव ह्यूज पेजेस शून्य. ट्रायचा अर्थ असा की मिळाली तर घे, नाहीतर गुपचूप ४ केबीवर जा. गुपचूप गेलं. मी आता प्रत्येक सर्व्हरवर ही सेटिंग ऑन करते. पानं कमी पडली तर पोस्टग्रेस सुरूच होत नाही आणि बोंब लगेच ऐकू येते. नेमकी किती पानं लागतील हे पोस्टग्रेस १५ पासून पुढे स्वतःच मोजून सांगतं, फक्त त्यासाठी सर्व्हर बंद असताना विचारावं लागतं. ६४ जीबी बफरला आकडा ३३ हजारांच्या वर जातो, कारण बफरच्या स्वतःच्या जमाखर्चालाही जागा हवी. राखीव मात्र मशीन बूट होतानाच करा. अनेक दिवस चाललेल्या मशीनवर रॅमचे इतके तुकडे झालेले असतात की सलग २ एमबीचे हजारो गठ्ठे सापडत नाहीत, तुम्ही ३४ हजार मागता आणि कर्नल देतो तेवढ्यावर गप्प बसतो.

बदल केल्यावर पेजटेबल्सची ओळ १ जीबीच्या आत आली आणि तिथेच राहिली. नवी रॅम घ्यायचा प्रस्ताव मेलमध्ये फिरत होता, तो मागे घेतला.

"पण लिनक्स हे आपोआप करतो ना?" हा प्रश्न मला हमखास येतो. करतो, २०११ पासून, ट्रान्सपरंट ह्यूज पेज या नावाने. फक्त शेअर्ड मेमरीसाठी त्याचा खटका वेगळा असतो आणि तो मुळात नेव्हरवर असतो. मुख्य खटका ऑलवेजवर बघून लोक निश्चिंत होतात, आणि पोस्टग्रेसच्या बफरला त्याचा काडीचा उपयोग नसतो. दुसरीकडे रेडिससारख्या, डेटा रॅममध्येच ठेवणाऱ्या प्रोग्रामला तेच आपोआपपण नडतं. रेडिस डिस्कवर प्रत लिहायला फोर्क करतो (स्वतःची जुळी प्रोसेस काढतो), त्यानंतर एक बाइट बदलला तरी ४ केबीऐवजी २ एमबीची नक्कल काढावी लागते. म्हणून रेडिसवाले हे बंद करायला सांगतात. मोंगोडीबीवाले वर्षानुवर्षं बंद करा सांगत होते आणि आवृत्ती ८ पासून चालू ठेवा म्हणू लागले. यावर माझं मत सोपं आहे: खटका मॅडव्हाइजवर ठेवावा, ज्या प्रोग्रामला हवं तो मागून घेईल.

ओव्हरकमिटबद्दल माझं आणि कर्नलचं अजून जमलेलं नाही. लिनक्स मेमरी मागितली की बहुतेक वेळा हो म्हणतो, रॅम असो वा नसो. सगळ्यांनी खरोखर वापरायला घेतली की ओओएम किलर येतो आणि ज्याच्या नावावर जास्त मेमरी त्याला उडवतो. गंमत म्हणजे हा हिशेब करताना तो पेज टेबलंही धरतो, टॉप धरत नसला तरी. पोस्टग्रेसची एक प्रोसेस अशी मारली गेली की मुख्य प्रोसेस शेअर्ड मेमरी बिघडली असेल या संशयाने बाकी सगळी कनेक्शनंही तोडते आणि रिकव्हरी सुरू करते. पेमेंटच्या कंपनीत याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. विंडोजची रीत मला यापेक्षा सरळ वाटते. तिथे पत्ते राखणं आणि मेमरीची हमी घेणं या दोन वेगळ्या मागण्या आहेत, आणि हमी देता येत नसेल तर नाही हे उत्तर तिथल्या तिथे मिळतं. (पत्त्यांच्या बाबतीत मात्र विंडोज बराच काळ कंजूष होतं. प्रोसेसला ८ टीबीच मिळायचे, १२८ टीबी ८.१ पासून.) लिनक्सवरही ओव्हरकमिटचा मोड २ लावून तसं वागता येतं, पोस्टग्रेसवाले तोच सुचवतात. पण त्यातही खाच आहे. मर्यादा मोजताना ह्यूज पेजेस वगळून उरलेल्या रॅमचे ५० टक्केच धरले जातात, त्यात स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) मिळवायचा. मोठी रॅम आणि नावापुरता स्वॅप असलेल्या मशीनवर तुम्ही मोड २ लावलात आणि टक्केवारी बदलली नाहीत, तर निम्मी रॅम रिकामी असताना "मेमरी नाही" ऐकाल.

तसंच एक "मेमरी नाही" इलॅस्टिकसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर लावताना भेटतं. एका प्रोसेसला पत्त्यांच्या पट्ट्यात किती वेगवेगळे तुकडे ठेवता येतील यावर मर्यादा असते, मूळ आकडा ६५,५३०. हा कुठून आला? क्रॅश झाल्यावर कोअर फाइल (प्रोसेसच्या मेमरीची प्रत) लिहिताना तुकड्यांची संख्या १६ बिटांत बसवायची होती, म्हणून ६५,५३५ वजा पाच. १२८ टीबी मोकळे आणि अडलं कशात, तर जुन्या फाइलच्या एका रकान्यात. इलॅस्टिकसर्च किमान २,६२,१४४ मागतो, द्यायचे आणि पुढे जायचं.

जाव्हाच्या सर्व्हिसेसमध्ये दुखणं वेगळं होतं. तिथे एकाच प्रोसेसमध्ये शेकडो थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आणि सगळ्यांचा पत्त्यांचा पट्टा एक, त्यावर एकच मोठं कुलूप. कुणी नवा तुकडा जोडत असेल तर बाकीच्यांचे पेज फॉल्ट ताटकळत. वाईट दिवशी मशीनवर काय चाललंय बघायला पीएस (प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारावं तर पीएसच अडकून बसायचा, कारण प्रोसेसची कमांड वाचायलाही तेच कुलूप लागतं. अडचणीच्या वेळी निदानाचं हत्यारच हातातून जावं, यापरता संताप नाही. इथे कर्नलच्या मंडळींनी मन लावून काम केलंय. २०२२ च्या डिसेंबरमधल्या कर्नल ६.१ मध्ये तुकड्यांची यादी रेड-ब्लॅक ट्री या जुन्या रचनेतून काढून मेपल ट्री या नव्या रचनेत गेली, आणि २०२३ च्या ६.४ पासून प्रत्येक तुकड्याला स्वतःचं कुलूप मिळालं, त्यामुळे साधे पेज फॉल्ट मोठ्या कुलपाला शिवत नाहीत. आम्ही ४.१८ वर बसून होतो. नव्या कर्नलवर आलो आणि जाव्हावाल्यांचे मेसेज थांबले. या एका गोष्टीसाठी अपग्रेडची एक रात्र घालवायला मी कधीही तयार आहे.

पाच पातळ्यांच्या टेबलांची जाहिरात हल्ली प्रोसेसरच्या पत्रकांत दिसते. ५७ बिट, १२८ पीबी (पेटाबाइट) पत्ते, निम्मे प्रोसेसला. लिनक्समध्ये याची तयारी २०१७ मध्येच झाली, प्रोसेसर नंतर आले. ज्या रीतीने हे आणलं तिला दाद द्यायला हवी. काही प्रोग्राम पत्त्याच्या वरच्या रिकाम्या बिटांत आपली खुणेची माहिती कोंबतात, त्यांना मोठा पत्ता दिला तर ते कोसळतील. म्हणून कर्नल वरच्या भागातला पत्ता मुद्दाम मागितल्याशिवाय देतच नाही. पण घ्यायचं का? चार पातळ्यांत लिनक्स ६४ टीबी रॅमपर्यंत निभावून नेतो. तेवढं मशीन तुमच्याकडे असेल तर तुम्ही हे परीक्षण वाचत नसाल. आमच्यासारख्यांना टीएलबी चुकला की एक पायरी जास्त, एवढाच त्याचा अर्थ.

किरकोळ एक गोष्ट. ६४ बिटी कर्नल प्रत्येक ४ केबी पानामागे ६४ बाइटची नोंद ठेवतो. ५१२ जीबीला सरळ ८ जीबी, मशीन सुरू होताक्षणी. ह्यूज पेजेससाठी यातल्या बऱ्याचशा नोंदी मोकळ्या करण्याची सोय कर्नल ५.१४ मध्ये आली (आधी आठपैकी सहा हिस्से, पुढे सात), ती मुद्दाम चालू करावी लागते. आमच्या ६४ जीबीमागे त्यातून ८९६ एमबी सुटतात. योगायोगाने हाच तो ३२ बिटांच्या काळातला आकडा, ज्यावर तेव्हा अख्खा कर्नल दिवस काढायचा.

एकूण चार तारे. लॅपटॉपवर, छोट्या वेब सर्व्हरवर काहीही न बदलता डोळे मिटून वापरा. १०० जीबीच्या पुढे रॅम आणि शेकडो प्रोसेस असतील तर मूळ सेटिंगवर विसंबू नका, ती तुमच्या मशीनकडे बघून ठेवलेली नाहीत. पुढच्या तिमाहीत आमच्याकडे १ टीबीचं मशीन येतंय. तिथे २ एमबीऐवजी १ जीबीची पानं लावून बघायचा विचार आहे, पोस्टग्रेस १४ पासून पानाचा आकार निवडता येतो. फार फरक पडेल असं वाटत नाही. ४ केबीवरून २ एमबीवर जातानाच खरी कमाई झालेली असते.